जॉन रसेल (धर्मोपदेशक)

रेव्हरंड जॉन ऊर्फ जॅक रसेल (२१ डिसेंबर १७९५ – २८ एप्रिल १८८३) हे इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यातील अँग्लिकन धर्मोपदेशक, घोडेस्वार शिकारी आणि कुत्र्यांचे पैदासकार होते. ‘जॅक रसेल टेरिअर’ आणि ‘पार्सन रसेल टेरिअर’ या लहान, पांढऱ्या, कमालीच्या चपळ कुत्र्यांच्या दोन्ही जातींना त्यांचे नाव मिळाले आहे. इंग्रजीत ‘पार्सन’ म्हणजे गावचा धर्मगुरू.

रसेल यांनी आपली कुत्री दिवाणखान्यासाठी घडवली नव्हती. घोड्यांमागे मैलोन्‌मैल धावणे, बिळात शिरणे आणि काळोखात आपल्याएवढ्याच हिंस्र प्राण्यासमोर न डगमगता भुंकत राहणे, या कामासाठी ती निवडली गेली. आज या जातीची बहुसंख्य कुत्री घरात पाळली जातात आणि त्यांच्या ज्या सवयींना मालक कंटाळतात, त्यांतील बहुतेक याच कामाच्या खुणा आहेत. त्यामुळे रसेल यांचे चरित्र हे एका अर्थी त्या कुत्र्याच्या स्वभावाचेही चरित्र ठरते.

बालपण व शिक्षण

रसेल यांचा जन्म डेव्हनच्या किनाऱ्यावरील डार्टमथ या बंदराच्या गावी झाला. वडिलांचे नावही जॉन रसेल असेच होते. तेही धर्मोपदेशक होते आणि त्यांनाही शिकारीचा नाद होता. त्या काळच्या ग्रामीण इंग्लंडमध्ये चर्चची नोकरी आणि घोड्यावरील शिकार यांत कोणाला फारशी विसंगती वाटत नसे. धाकट्या रसेल यांच्या हयातीतच ही दृष्टी बदलली आणि त्याचा ताप त्यांना सोसावा लागला.

प्लिम्प्टन येथील शाळेनंतर त्यांना टिव्हर्टनच्या ब्लंडेल्स स्कूलमध्ये घालण्यात आले. १६०४ मध्ये स्थापन झालेली ही शाळा कडक शिस्तीसाठी प्रसिद्ध होती. तेथे रसेल यांनी एका सोबत्याच्या साहाय्याने गुपचूप शिकारी कुत्र्यांचा छोटा कळप बाळगला. गोष्ट मुख्याध्यापकांच्या कानी गेली. सोबत्याला शाळा सोडावी लागली. रसेल मात्र हकालपट्टीच्या अगदी उंबरठ्यावरून परतले. यानंतर त्यांनी अभ्यासात लक्ष घालून शिष्यवृत्ती मिळवली आणि १८१४ मध्ये ऑक्सफर्डच्या एक्सिटर कॉलेजात प्रवेश घेतला. १८१८ मध्ये त्यांनी पदवी घेतली. विद्यापीठात त्यांची ख्याती विद्वत्तेपेक्षा मुष्टियुद्ध आणि घोडेस्वारी यांसाठी अधिक होती.

ट्रम्प

ऑक्सफर्डमधील वास्तव्याच्या अखेरीस रसेल यांना ती मादी टेरिअर मिळाली, जिच्यापासून पुढची सारी कथा सुरू झाली असे मानतात. शहराजवळच्या मार्स्टन या खेड्याकडे जाताना त्यांना एक दूधवाला भेटला. त्याच्यासोबत एक पांढरी कुत्री होती. रसेल तिच्याकडे पाहतच राहिले आणि तेथल्या तेथे व्यवहार ठरवून तिला घेऊनच परतले. या भेटीचे वर्ष काही लेखक १८१५ तर काही १८१९ देतात. तिचे नाव होते ट्रम्प, म्हणजे पत्त्यांतील हुकूम.

तिचे रूप रसेल यांच्या चरित्रात बारकाईने वर्णिले आहे. सर्वांग पांढरे; दोन्ही डोळ्यांवर व कानांवर गडद तपकिरी ठिपका; शेपटीच्या मुळाशी पेनीच्या नाण्याएवढा तसाच एक डाग. केस दाट, अंगालगत बसलेले आणि किंचित राठ, म्हणजे ओल आणि थंडी आत शिरू नये असे. पाय सरळ, उंची पूर्ण वाढलेल्या खोकडाच्या मादीएवढी. पांढरा रंग ही केवळ शोभा नव्हती. शिकारीच्या गोंधळात मोठ्या कुत्र्यांनी चिखलाने माखलेल्या टेरिअरलाच खोकड समजून फाडू नये, यासाठी पांढरे कुत्रे सोयीचे पडे.

ही हकिगत मुख्यत्वे ई. डब्ल्यू. एल. डेव्हिस यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रातून आली आहे, म्हणजे ती घटनेनंतर सुमारे साठ वर्षांनी छापली गेली. ट्रम्पच्या पिल्लांची वंशावळ कोणी नोंदवून ठेवलेली नाही. आपले कुत्रे थेट ट्रम्पच्या वंशातील आहे, असा दावा विक्रेते अधूनमधून करतात. तो सिद्ध करता येण्याजोगा नाही. ट्रम्पचे एक तैलचित्र मात्र उपलब्ध आहे. पुढे ते प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या संग्रही आले.

धर्मसेवा आणि शिकार

१८१९ मध्ये रसेल यांना डीकनपदाची व १८२० मध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. साउथ मोल्टन या गावाजवळील जॉर्ज निम्प्टन येथे ते सहायक धर्मोपदेशक झाले. तेथे त्यांनी पाणमांजरांच्या शिकारीसाठी कुत्र्यांचा कळप उभारला. १८२६ मध्ये अ‍ॅडमिरल बरी यांची कन्या पेनेलोपी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पेनेलोपी स्वतः उत्तम घोडेस्वार होत्या व पतीच्या छंदात त्या बरोबरीने सहभागी असत. लग्नानंतर हे दांपत्य इडस्ली येथे राहावयास गेले.

त्या भागात खोकड दिसले की गावकरी ते मिळेल त्या साधनाने मारून टाकीत, कारण कोंबड्या आणि कोकरे यांचे नुकसान त्यांच्या डोळ्यांसमोर होत असे. रसेल यांनी त्यांचे मन वळवून खोकडे राखावयास लावली. हेतू अर्थात त्यांची शिकार घोड्यावरून रीतसर करता यावी हाच होता. संरक्षण आणि संहार यांची ही विचित्र सांगड इंग्लंडच्या शिकारपरंपरेत सर्वत्र आढळते. (मराठीत या प्राण्याला सरसकट कोल्हा म्हटले जाते, परंतु कोल्हा हा वेगळा प्राणी असून इंग्लंडमधला प्राणी म्हणजे तांबडे खोकड होय.)

१८३० च्या दशकाच्या प्रारंभी रसेल बार्नस्टेपलजवळील स्विमब्रिज येथे व्हिकार म्हणून रुजू झाले. लँडकी हे शेजारचे गावही त्यांच्याकडे होते. चार दशकांहून अधिक काळ ते तेथेच राहिले. वार्षिक वेतन सुमारे १८० पौंड होते. त्यात संसार, दानधर्म, घोडे आणि कुत्र्यांचा कळप हे सर्व भागणे शक्यच नव्हते. पैशाची ओढाताण त्यांना जन्मभर पुरली आणि कळप विकण्याची वेळही त्यांच्यावर आली.

शिकारी धर्मगुरू म्हटला की कर्तव्यात कसूर करणारा मनुष्य डोळ्यांसमोर उभा राहतो. त्यांचे समकालीन आणि स्नेही, नोस्टोनचे व्हिकार जॉन फ्राउड, यांच्याबाबत तशी अपकीर्ती होतीही. रसेल यांच्याबाबत मात्र ती लागू पडत नाही. ते आले तेव्हा स्विमब्रिजच्या चर्चमध्ये रविवारी एकच उपासना होत असे. काही काळातच ती संख्या चारवर गेली. आजाऱ्यांची भेट, गरिबांना मदत आणि परगण्यातील रुग्णालयासाठी प्रवचनांद्वारे निधी जमवणे ही कामे त्यांनी सातत्याने केली. त्यांचा आवाज खणखणीत होता व प्रवचने आटोपशीर असत.

तरीही एक्सिटरचे बिशप हेन्री फिलपॉट्स यांना हे रुचणारे नव्हते. फिलपॉट्स १८३१ पासून १८६९ पर्यंत, म्हणजे रसेल यांच्या उमेदीच्या जवळजवळ संपूर्ण काळात, बिशपपदावर होते आणि वादाला न भिणारे म्हणून ते देशभर परिचित होते. आपल्या अधिकारक्षेत्रातील धर्मगुरूंनी शिकारी कुत्री बाळगू नयेत, यासाठी त्यांनी रसेल यांच्यावर दबाव आणला. कर्तव्यच्युतीचा आरोपही तपासला गेला, परंतु तो टिकला नाही. बिशपांनी कळप सोडून देण्याचे वचन मागितले तेव्हा रसेल यांनी ते तत्काळ दिले आणि यापुढे कळप पत्नीच्या नावे राहील असे नम्रपणे कळवले, अशी आख्यायिका आहे. ती शब्दशः खरी असो वा नसो, शिकार थांबली नाही एवढे निश्चित.

रसेल यांना हवा असलेला टेरिअर

‘टेरिअर’ हा शब्द भूमी या अर्थाच्या लॅटिन ‘टेरा’ या शब्दापासून आला असून जमिनीखाली काम करणारे कुत्रे असा त्याचा आशय आहे. घोडेस्वार आणि उंच शिकारी कुत्र्यांचा कळप खोकडाचा माग काढीत. दमलेले खोकड बिळात शिरले की मोठी कुत्री निरुपयोगी ठरत. अशा वेळी टेरिअरला आत सोडले जाई. त्याने खोकडाला मारावयाचे नसे. भुंकून, दटावून त्यास बाहेर पडावयास भाग पाडणे, आणि ते पडले नाही तर नेमक्या जागी भुंकत राहून वर उभ्या असलेल्या माणसांना ठिकाण कळवणे एवढेच त्याचे काम. खोकड बिळातच मेले तर शिकार तेथेच संपे. म्हणून अंगावर धावून जाणारे, रक्ताला चटावलेले टेरिअर रसेल यांना नको असत. त्या काळी धीट पण भांडखोर कुत्री मिळवण्यासाठी टेरिअरचा बुलडॉगशी संकर करण्याची पद्धत होती. रसेल यांचा तिला विरोध होता.

या कामातून कुत्र्याची घडण ठरत गेली. छाती इतकी निमुळती हवी की खोकड जेथून जाईल तेथून कुत्र्यालाही जाता यावे. आजही परीक्षक या जातीच्या कुत्र्याची छाती खांद्यामागे दोन्ही हातांच्या पकडीत घेऊन मोजतात. पाय मात्र फार आखूड चालत नसत, कारण डेव्हनच्या टेकड्यांवरून आणि एक्समूरच्या माळरानावरून त्याला घोड्यांमागे धावावयाचे असे. जमिनीखालून वरपर्यंत पोहोचेल असा आवाज हवा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मालक दिसत नसताना, हुकूम ऐकू येत नसताना, स्वतः निर्णय घेण्याची वृत्ती हवी.

केनेल क्लब

१८७३ मध्ये लंडनमध्ये केनेल क्लबची स्थापना झाली. रसेल या संस्थेच्या आरंभीच्या सभासदांपैकी होते आणि १८७४ मध्ये क्रिस्टल पॅलेस येथील प्रदर्शनात त्यांनी फॉक्स टेरिअरचे परीक्षण केले. स्वतःची कुत्री मात्र ते प्रदर्शनात उतरवीत नसत. प्रदर्शनातील कुत्री आणि आपली कुत्री यांत बागेतला गुलाब आणि रानगुलाब यांच्याएवढे अंतर आहे, असे त्यांचे मत होते. पुढील काही दशकांत प्रदर्शनाचा फॉक्स टेरिअर अधिक लांबट डोक्याचा, अधिक उंच व खोल छातीचा होत गेला आणि बिळातल्या कामापासून दूर सरकला. रूप पाहून निवड केली की काम मागे पडते, हे रसेल यांनी फार लवकर ओळखले होते.

अखेरची वर्षे

प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे सातवे एडवर्ड) यांच्याशी रसेल यांचा उतारवयात स्नेह जडला व सँड्रिंगहॅमच्या राजनिवासात त्यांचा पाहुणचार झाला. १ जानेवारी १८७५ रोजी पेनेलोपी यांचे निधन झाले. १८७९ मध्ये, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी अधिक उत्पन्नाचे ब्लॅक टॉरिंग्टन येथील पद स्वीकारले. स्विमब्रिज सोडणे त्यांच्या जिवावर आले होते, परंतु कर्जाने दुसरा मार्ग ठेवला नव्हता. तेथेही त्यांनी पुन्हा एक कळप बाळगलाच.

२८ एप्रिल १८८३ रोजी त्यांचे निधन झाले. दफनविधी स्विमब्रिज येथे झाला; हजाराहून अधिक माणसे जमली होती. प्रिन्स ऑफ वेल्स यांनी रानफुलांचे पुष्पचक्र पाठवले. अखेरीस त्यांच्याजवळ मोजकीच म्हातारी टेरिअर उरली होती असे सांगतात.

नावाचा पुढील प्रवास

रसेल यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या धर्तीच्या कुत्र्यांची पैदास पुढे नेण्यात आर्थर हाइनमन यांचा वाटा मोठा होता. १८९४ मध्ये त्यांनी या टेरिअरचे पहिले वर्णनमान तयार केले. विसाव्या शतकात मात्र ‘जॅक रसेल’ हे नाव सैल झाले. आखूड पायांचे, लांब पाठीचे, अन्य लहान जातींशी संकर झालेले, अंगावर थोडे पांढरे असलेले कोणतेही टेरिअर या नावाने खपू लागले. काम करणाऱ्या कुत्र्यांच्या मालकांनी १९७४ मध्ये ग्रेट ब्रिटनमध्ये स्वतंत्र क्लब स्थापला आणि अधिकृत मान्यतेला विरोध केला. प्रदर्शनाच्या नादात फॉक्स टेरिअरचे जे झाले तेच आपल्या कुत्र्यांचे होईल, ही त्यांची भीती होती.

केनेल क्लबने १९९० मध्ये उंच पायांच्या प्रकाराला ‘पार्सन जॅक रसेल टेरिअर’ म्हणून मान्यता दिली व १९९९ मध्ये नावातून ‘जॅक’ काढून टाकले. आखूड प्रकाराला ‘जॅक रसेल टेरिअर’ म्हणून ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये मान्यता मिळाली; या प्रकाराचे वर्णनमान त्याआधीच ऑस्ट्रेलियात निश्चित झाले होते. पार्सनची आदर्श उंची नरात ३६ व मादीत ३३ सेंटिमीटर, तर जॅक रसेलची २५ ते ३० सेंटिमीटर असते. जॅक रसेलचे वजन साधारण ५ ते ६ किलोग्रॅम भरते. अमेरिकेत नावांची वाटणी किंचित निराळी असल्याने जुन्या पुस्तकांत दोन्ही नावे एकमेकांच्या जागी आढळतात.

पाळीव कुत्रा म्हणून

आकार लहान म्हणून हे कुत्रे लहान घरासाठी सोयीचे, असा समज भारतातील शहरांतही आढळतो. तो अर्धाच खरा आहे. त्याला जागा थोडी पुरते. वेळ मात्र पुष्कळ लागतो. रोज तास-दीड तास भरपूर धावणे आणि त्याशिवाय डोके चालवावे लागेल असे खेळ मिळाले नाहीत तर ते आपले काम स्वतः शोधते. कुंड्या उकरणे, गादी फाडणे, दाराबाहेरच्या प्रत्येक पावलावर भुंकणे हे दुर्गुण नसून बिळातील कामाचेच अवशेष आहेत. दिवसभर कुलूप लागणाऱ्या घरात, भिंतीला भिंत लागून शेजारी असलेल्या सदनिकेत, हे कुत्रे स्वतः दुःखी होते आणि इतरांनाही सुखाने राहू देत नाही.

पळत्या वस्तूमागे धावणे हे त्याच्या रक्तात आहे. मांजर, खार, घूस दिसली की शिकवलेली हाक विसरली जाते, म्हणून मोकळ्या रस्त्यावर पट्टा सोडणे धोक्याचे असते. कुंपणाखालची वीतभर फटही त्याला पुरते. बिळात तोंड घालण्याच्या खोडीमुळे आपल्याकडील ग्रामीण भागात साप चावण्याचा धोका गृहीत धरावा लागतो. ससा, पांढरा उंदीर, पाळलेले पक्षी असलेल्या घरात ते आणू नये. मोठ्या कुत्र्यापुढेही ते माघार घेत नाही आणि जखमी होते.

मुलांशी ते प्रेमाने खेळते, मात्र शेपूट ओढणे किंवा ताटातून वस्तू हिसकावणे ते फार काळ सहन करीत नाही. अगदी लहान मूल आणि हे कुत्रे यांना एकटे सोडू नये. शिकवण्यास ते अत्यंत हुशार असते. मारहाणीने हट्टी होते आणि खाऊ व खेळ यांनी वश होते. पिल्लूपणीच अनोळखी माणसे, वाहने, फटाक्यांसारखे आवाज आणि इतर कुत्री यांची सवय लावणे आवश्यक ठरते.

केस गुळगुळीत, मध्यम व राठ अशा तीन प्रकारचे असतात. गुळगुळीत केसांचे कुत्रे स्वच्छ ठेवण्यास सोपे असले तरी त्याचे पांढरे केस बारमाही गळतात. प्रकृती एकंदरीत काटक असून आयुष्य बहुधा १३ ते १५ वर्षांचे असते. म्हणजे शाळकरी मुलाच्या हट्टावरून आणलेले कुत्रे तो मुलगा शिक्षणासाठी घराबाहेर पडल्यावरही आई-वडिलांच्या गळ्यात राहणार असते. आनुवंशिक विकारांपैकी डोळ्यातील भिंग निसटणे, जन्मजात बहिरेपणा, गुडघ्याची वाटी सरकणे, मांडीच्या हाडाच्या शिरोभागाची झीज आणि तोल जाणारा मज्जाविकार हे प्रमुख आहेत. भिंग निसटण्याच्या व तोल जाण्याच्या विकारांसाठी जनुकीय चाचण्या उपलब्ध आहेत. पिल्लू घेण्यापूर्वी त्याची आई प्रत्यक्ष पाहणे आणि आई-वडिलांच्या चाचण्यांचे कागद मागणे इष्ट. आई दाखवण्यास टाळाटाळ करणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये. रेबीजची लस आणि तिची पशुवैद्यक सांगेल तशी पुनरावृत्ती ही भारतात कोणत्याही कुत्र्यासाठी अपरिहार्य आहे.

चित्रपट व दूरचित्रवाणी यांनी या जातीची मागणी अनेकदा वाढवली. ‘फ्रेझर’ या अमेरिकी मालिकेत (१९९३–२००४) एडी या कुत्र्याची भूमिका करणारा मूस आणि ‘दि आर्टिस्ट’ (२०११) या चित्रपटातील उगी ही त्यांतील ठळक नावे. पडद्यावर शांत बसलेल्या या कुत्र्यांमागे प्रशिक्षकांचे अखंड परिश्रम होते. मूसबाबत तर असे नोंदले गेले आहे की त्याच्या पहिल्या मालकांना त्याचे भुंकणे, उकरणे आणि पळून जाणे असह्य झाल्यामुळेच तो प्रशिक्षकाकडे आला.

स्मृती

स्विमब्रिज येथील सेंट जेम्स चर्चच्या आवारात रसेल यांची समाधी आहे. गावातील पथिकगृहाला ‘जॅक रसेल इन’ हे नाव असून त्याच्या पाटीवर ट्रम्पच्या तैलचित्राची प्रतिकृती रंगवलेली आहे. ब्लंडेल्स शाळेचेच विद्यार्थी असलेले कादंबरीकार आर. डी. ब्लॅकमोर यांच्या ‘द मेड ऑफ स्कर’ (१८७२) या कादंबरीतील पार्सन रॅम्बोन हे पात्र रसेल यांच्यावरून बेतले आहे, तर तिच्यातील खलनायक पार्सन चौन यामागे जॉन फ्राउड आहेत.

ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेले ‘एचएमव्ही’चे कुत्रे महाराष्ट्रातील जुन्या पिढीला नाट्यगीतांच्या तबकड्यांवरून परिचित आहे. ब्रिस्टल येथे १८८४ मध्ये जन्मलेल्या निपर नावाच्या त्या कुत्र्यास काही लेखक जॅक रसेल वळणाचे मानतात. ते मिश्र जातीचे होते. त्याचा जन्म रसेल यांच्या निधनानंतर एका वर्षाने झाला.